वाफेला वाट हवी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, पावसावर कविता लिहिणाऱ्या माणसाने एकदा पावसाळ्यात स्वतःच्या घरातले कपडे वाळवून दाखवावेत, असं माझी बायको गेली तीस वर्षं म्हणते आहे. तिचं म्हणणं खरं आहे. पावसावर मी पुष्कळ लिहिलं. वलणीवर चार दिवस लोंबून शेवटी कुबट वास मारणाऱ्या चादरीवर मात्र एक ओळही लिहिली नाही. आज त्या चादरीबद्दल बोलायचं आहे. तिला वाळवणाऱ्या यंत्राबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्या यंत्राच्या पाठीमागून निघणाऱ्या पाईपबद्दल. या पाईपकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमचंही गेलं नव्हतं, आणि त्यापायी आमच्या घरात आग लागता लागता राहिली.

मी बोरिवली पश्चिमेला गोराईत राहतो. खाडीपलीकडचं गोराई गाव वेगळं. आमची ही खाडीच्या अलीकडची म्हाडाची वसाहत. जागतिक बँकेच्या अर्थसाह्याने १९८० च्या दशकात मुंबईत छोट्या भूखंडांच्या ज्या वसाहती आखल्या गेल्या, त्यांतली ही एक. मधे चौक आणि भोवती भिंतीला भिंत लावून घरं. ज्याला जसं जमलं तसं त्याने आपलं घर वर चढवलं. आमचंही तळमजला आणि वर एक मजला असं आहे. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांच्या. उजेड आणि वारा काय यायचा तो पुढच्या चौकातून, नाहीतर मागच्या गल्लीतून.

उन्हाळ्यात ही रचना उत्तम. पण जून उजाडला की पंचाईत. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदवला जातो. २६ जुलै २००५ ला तर एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, हे कोणता मुंबईकर विसरेल? कपड्यांचा खरा शत्रू मात्र पावसापेक्षा हवेतला ओलावा. खाडीवरून येणारी हवा आधीच पाण्याने भरलेली असते. ती कपड्यातलं पाणी घेणार कुठून? मग घरोघरी तेच उद्योग सुरू होतात. मुलांचा युनिफॉर्म फ्रिजच्या मागे, मोजे पंख्याखाली, आणि सकाळी घाईच्या वेळी ओल्या शर्टावर इस्त्री.

आमच्याकडे अम्मी आहे. वय ऐंशीच्या पुढे, आणि दमा. डॉक्टरांनी बजावलं की हिच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. दोन खोल्यांच्या घरात तिची खोली सोडली तर उरतो तो जिना. म्हणून २०२२ च्या जूनमध्ये मुलाने कपडे वाळवायचं यंत्र, म्हणजे ड्रायर, विकत आणला. गरम वाफ पाईपातून बाहेर सोडणारा, या प्रकारांतला सर्वांत साधा आणि त्यातल्या त्यात स्वस्त.

यंत्र ठेवायला जागा मिळाली ती वरच्या मजल्यावर, घराच्या बरोबर मध्यात, जिन्याच्या डोक्याशी. पाईप बाहेर काढायचा तर तो पुढच्या भिंतीपर्यंत न्यायला हवा. बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "पाईप कुठून नेऊ?" आणि इथे चूक माझी झाली. मी म्हणालो, "दिसणार नाही असा न्या." त्याने मान डोलावली आणि फॉल्स सीलिंगच्या वरून, हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेला चंदेरी पाईप ओढत ओढत नेला. बावीस फूट लांबी, तीन वळणं. बाहेरच्या तोंडाला, कबुतरं नकोत म्हणून, मीच बारीक जाळी बसवून घेतली. काम झालं, चहा झाला, सगळे खूश.

पहिलं वर्ष मजेत गेलं. २०२३ चा पावसाळा आला तेव्हा बायकोच्या लक्षात आलं की पूर्वी दीड तासात वाळणारे कपडे आता अडीच तास घेतात. आम्ही म्हटलं, पाऊस जास्त आहे. मग अम्मीच्या खोलीच्या वरच्या कोपऱ्यात काळपट डाग दिसायला लागला. आम्ही म्हटलं, गच्ची गळत असेल. अम्मी मला म्हणाली, "अरे, कपडे तर वाळले, पण भिंत का रडतेय?" तिचा खोकलाही वाढला होता. तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

जुलैतल्या एका दुपारी करपल्यासारखा वास आला आणि यंत्र आपोआप बंद पडलं. मागच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. मुलाने भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढला. दुसऱ्या दिवशी सीलिंगचा तुकडा कापून पाईप खाली घेतला. दोन आधारांच्या मधे पाईप झोळीसारखा लोंबला होता, आणि त्या झोळीत तांब्याभर पाणी साचलं होतं. पुढे वळणावळणावर राखाडी रंगाची, ओली, नमद्यासारखी घट्ट बसलेली लव. सगळी काढली तेव्हा घमेलं भरलं. आणि माझ्या त्या बारीक जाळीवर तर लवेची जाड गादीच तयार झाली होती. म्हणजे बाहेर जायची वाट जवळजवळ बंद, आणि आत दोन हजार वॅटची शेगडी चालू.

त्या लवेतला सुकलेला चिमूटभर बोळा मुलाने बाहेर चौकात फरशीवर ठेवला आणि त्याला काडी लावली. कापूर पेटावा तसा तो भुर्रकन पेटला. आम्ही दोघे काही बोललो नाही. तो पाईप अम्मीच्या पलंगाच्या डोक्यावरून गेला होता.

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञान शाळेत सोडलं ते सोडलंच. पण त्या दिवसानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. माझी भाची न्यूजर्सीत असते. तिकडे घरोघरी ड्रायर. कपडे बाहेर वाळत घालायची पद्धतच फारशी उरलेली नाही. तिला फोन केला तर ती हसत म्हणाली, "मामू, आमच्याकडे घर विकत घेताना तपासणी होते, तेव्हा तो माणूस पाईपची लांबी मोजतो." आपल्याकडे हे मोजायचं असतं हेच ठाऊक नाही, कारण हे यंत्रच आपल्याकडे उशिरा आलं.

या यंत्राचा इतिहास गमतीचा आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज सॅम्पसन नावाच्या कृष्णवर्णीय संशोधकाने १८९२ मध्ये शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळवण्याच्या साधनाचं पेटंट घेतलं. पुढे नॉर्थ डकोटातल्या रॉस मूर यांनी फिरत्या पिंपाचं, आपोआप चालणारं यंत्र तयार केलं. तिथल्या हिवाळ्यात बाहेर टाकलेले कपडे वाळण्याऐवजी गोठायचे, त्यावरचा हा उपाय. विस्कॉन्सिनच्या एका कारखान्याने १९३८ मध्ये ते बाजारात आणलं आणि नाव दिलं 'जून डे', म्हणजे जून महिन्यातला दिवस. त्यांचा जून म्हणजे लख्ख ऊन! हे नाव आपल्या मुंबईत ठेवलं असतं तर एकही यंत्र खपलं नसतं.

असो. आता हे यंत्र करतं काय ते पाहू. एक पिंप कपडे घेऊन फिरत असतं. पंखा खोलीतली हवा आत ओढतो, ती तापलेल्या तारांवरून जाते, गरम होऊन कपड्यांतलं पाणी उचलते आणि पाठीमागच्या पाईपातून बाहेर पडते. एवढंच. यंत्र पाणी नाहीसं करत नाही. ते फक्त कपड्यातून काढून हवेत टाकतं. ती हवा कुठे जाणार हे ठरवणं आपलं काम.

हिशेब करून पाहा. पाच किलो सुती कपडे वॉशिंग मशीनमधून पिळून निघाले तरी त्यांत साधारण तीन लिटर पाणी राहतं. एक लिटरच्या तीन बाटल्या. आता दहा फूट बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. तीस अंश तापमानाला त्या खोलीतल्या हवेत, अगदी काठोकाठ भरली तरी, नऊशे ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात मावतं. पावसाळ्यात हवा आधीच पंच्याऐंशी टक्के भरलेली असते. म्हणजे उरलेली जागा दीडशे ग्रॅमपेक्षाही कमी. एका लहान पेल्याएवढी. आणि आपण तिच्यात तीन बाटल्या ओतणार! उरलेलं पाणी मग भिंतीवर, कपाटामागे, गादीखाली जाऊन बसतं. त्यावर बुरशी येते, आणि दम्याच्या माणसाला ती बुरशी फार त्रास देते. अम्मीची भिंत रडत होती ती अशी. आमच्या पाईपचे सांधे सीलिंगच्या वर सुटले होते आणि निम्मी वाफ तिथेच मुरत होती.

तेव्हा पहिला नियम असा की पाईप घराबाहेर, उघड्या हवेत गेला पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या वर सोडलेला, माळ्यावर सोडलेला, बाथरूमच्या एक्झॉस्टला किंवा स्वयंपाकघराच्या चिमणीला जोडलेला पाईप चालत नाही. चिमणीच्या नळीत तेलाचा थर असतो. त्यावर लव चिकटली तर ती वातच झाली म्हणा. इमारतीच्या बंद डक्टमध्येही तो सोडू नये. ती वाफ वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये शिरेल आणि भांडण मात्र आपल्या दारात येईल.

दुसरा मुद्दा लांबीचा, आणि आजचा मुख्य विषय तोच. पाईप बाहेर गेला म्हणजे झालं, असं नाही. लांब पाईपात तीन गोष्टी बिघडतात. एक, हवा पाईपच्या भिंतीला घासत जाते, त्यामुळे जितकी लांबी तितका अडथळा. यंत्रातला पंखा लहान असतो. अडथळा वाढला की वारा मंदावतो. दोन, वारा मंदावला की त्याच्याबरोबर वाहणारी लव पुढे जात नाही, वाटेतच बसते. नदीचं पाणी संथ झालं की गाळ बसतो, तसंच. तीन, लांब वाटेत हवा गार होते आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं. ओल्या पाईपला लव अधिक चिकटते, त्याने अडथळा वाढतो, वारा आणखी मंदावतो. हे चक्र एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, वाढतच जातं.

वळण तर लांबीहून वाईट. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आदर्श नियमावलीत याचा साधा हिशेब दिला आहे. चार इंच व्यासाचा, आतून गुळगुळीत धातूचा पाईप जास्तीत जास्त पस्तीस फूट. त्यातून काटकोनातल्या प्रत्येक एल्बोमागे पाच फूट वजा, आणि निम्म्या वळणाला अडीच फूट. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळायचा. भाचीच्या घरी पाईप अठ्ठावीस फूट होता आणि वळणं दोन. पस्तिसातून दहा गेले, उरले पंचवीस. म्हणजे पाईप तीन फुटांनी जास्त. घर घेताना त्या तपासनिसाने अहवालात तसं लिहिलं आणि तिला पाईप दुसऱ्या भिंतीतून काढावा लागला. तेव्हा तिला तो खर्च जाचला होता. आता ती म्हणते, बरं झालं.

हाच हिशेब आमच्या घराला लावला. तीन वळणं, म्हणजे पंधरा फूट वजा. उरले वीस. आमचा पाईप बावीस. शिवाय हा हिशेब गुळगुळीत पाईपचा. आमचा तर घडीघडीचा होता. प्रत्येक घडी हवेला एक छोटी ठेच देते, आणि लवेला बसायला पायरी. आपल्याकडच्या लहान यंत्रांचा पंखा त्या मोठ्या अमेरिकी यंत्रांपेक्षा कमी ताकदीचा असतो, त्यामुळे आपल्या पुस्तिकेत दिलेली लांबी पुष्कळ कमी असू शकते. ती पुस्तिका आमच्या घरात होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, न फोडलेली.

पाईपची जाडीही महत्त्वाची. जागा नाही म्हणून चार इंचांऐवजी तीन इंचांचा पाईप घालावा, असा सल्ला कुणी देईल. तेवढीच हवा तीन इंचांतून जायची तर अडथळा चौपटीहून अधिक होतो. एका इंचाची ही किंमत आहे. तेव्हा यंत्राच्या तोंडाचा जो व्यास, त्याहून बारीक पाईप वाटेत कुठेही नको.

आता आगीबद्दल. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या तीन वर्षांची आकडेवारी काढली. निवासी इमारतींत ड्रायरमुळे दर वर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या. वर्षाला सरासरी पाच माणसं गेली, शंभर जखमी झाली. या आगींचं सर्वांत मोठं कारण, चौतीस टक्के, यंत्र आणि पाईप साफ न करणं हे होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनमधल्या शेपर्ड्स कोर्ट या अठरा मजली इमारतीत आग लागली. ती एका सदनिकेतल्या सदोष ड्रायरपासून सुरू झाल्याचं तिथल्या अग्निशमन दलाच्या तपासात निघालं. तिथे दोष यंत्राचा होता. आमच्या घरी यंत्र शहाणं होतं. आतला उष्णता मोजणारा खटका पडला आणि ते थांबलं. पण त्या खटक्यावर किती दिवस विसंबायचं?

आपल्या घरांसाठी आणखी एक धोका सांगायला हवा. तेल लागलेली फडकी, डोक्याला चंपी केल्यावरचा टॉवेल, तळणाचं तेल पुसलेलं कापड, हे ड्रायरमध्ये घालू नका. धुतल्यावरही सुतात थोडं तेल उरतं. ते तापलं की हवेशी संयोग होऊन स्वतःच उष्णता सोडायला लागतं, आणि कपड्यांचा गरम ढीग तसाच दाबून ठेवला तर काडीविना पेट घेऊ शकतो. म्हणूनच यंत्राच्या शेवटच्या दहा मिनिटांत गार हवा फिरते. घाईने ती मधेच बंद करू नये. रबर किंवा फोम लावलेल्या वस्तूही आत नकोत.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नसती तर सुचलीही नसती. ड्रायर जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी त्याला कुठून तरी आत घ्यावी लागते. मोठं यंत्र मिनिटाला दीडशे घनफूट हवा फेकत असेल, तर मघाची दहा बाय बाराची खोली ते सात-आठ मिनिटांत रिकामी करेल. दारं-खिडक्या बंद असतील तर ही हवा फटींतून ओढली जाते. जवळच गॅस गिझर पेटलेला असेल तर त्याचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात खेचला जाऊ शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आपण मुंबईत वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. गॅस गिझर बंद न्हाणीघरात नकोच. आणि ड्रायर चालू असताना जवळची एक खिडकी वीतभर तरी उघडी हवी. बाहेर पाऊस असला तरीही. लोकांना हे उलटं वाटतं, पण बाहेरची दमट हवासुद्धा तापवली की कोरडी होते आणि पाणी उचलते.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. पाईप बदलण्याआधी यंत्राची जागा बदलली. जिन्यावरून उचलून मागच्या भिंतीला लावलं. बायकोचं कपाट तिथून हलवावं लागलं आणि त्यासाठी मला जी बोलणी खावी लागली तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. सोसायटीची आणि मागच्या शेजाऱ्यांची परवानगी घेतली. भोक पाडताना त्यांची खिडकी समोर येणार नाही, आणि आपली कुठलीही खिडकी तीन फुटांच्या आत नसेल, हे पाहिलं. आता पाईप आहे पाच फूट आणि वळण एक.

पाईप ॲल्युमिनियमचा, सरळ आणि गुळगुळीत. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पत्रा लवकर गंजतो, म्हणून ॲल्युमिनियम. तुकडे जोडताना मिस्त्रीला सांगावं लागतं की आधीच्या तुकड्याचं टोक पुढच्या तुकड्याच्या आत जाऊ दे, हवेच्या दिशेने. म्हणजे सांध्याच्या कडेला लव अडकत नाही. सांधे ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद केले. आत घुसणारे स्क्रू मारले नाहीत, कारण स्क्रूचं टोक म्हणजे लव अडकायची खुंटीच. पाईपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला. कधी पाणी झालंच तर ते यंत्राकडे न येता बाहेर जावं. यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये वाकवता येणारा तुकडा ठेवावा लागतो. तोही धातूचा, आखूड, आणि ताणून बसवलेला. पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा स्वस्त मिळतो. तो घेऊ नका. तो स्वतःच पेटतो.

बाहेरच्या तोंडाला जाळी लावली नाही. तिथे झडप आहे. यंत्र चालू झालं की वाऱ्याने ती उघडते, बंद झालं की पडते, मग कबुतर, उंदीर, पावसाची सर कुणीच आत येत नाही. महिन्यातून एकदा गल्लीत उभं राहून ती झडप उघडते की नाही ते मी पाहतो. माझ्याकडे सोपवलेलं घरातलं हे एकमेव तांत्रिक काम.

ज्यांना यंत्र हलवणं शक्यच नाही, त्यांचं काय? लांब पाईपसाठी मदतीचा पंखा मिळतो. पण तो खास ड्रायरसाठी बनवलेला हवा. बाथरूमचा साधा एक्झॉस्ट पंखा मधे बसवणं धोक्याचं, कारण लव त्याच्या मोटरवर जाऊन बसते. खरं सांगायचं तर लांब वाट असलेल्या घराने बिनपाईपाचं यंत्र घ्यावं. त्यात वाफेचं यंत्रातच पाणी होतं आणि ते डब्यात साठतं किंवा मोरीत सोडता येतं. हीट पंप नावाच्या प्रकाराला वीजही साधारण निम्मी लागते. विकत घेताना महाग, पण भिंत फोडायची नाही. गाळणी मात्र तिथेही साफ करावीच लागते.

वीज हाही मुद्दा आहे. दोन हजार वॅटचं यंत्र साध्या एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नये. सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, व्यवस्थित अर्थिंग, आणि जाणकार वायरमनच्या हातचं काम हवं. रात्री झोपताना किंवा घराला कुलूप लावून जाताना यंत्र चालू ठेवू नये. आणि कधी आतून धूर आलाच तर दार उघडून पाहायचा मोह टाळावा. दार उघडलं की आगीला हवा मिळते. मेन स्विच बंद करायचा, माणसं बाहेर काढायची, १०१ नंबर फिरवायचा.

रोजची काळजी सोपी आहे. प्रत्येक फेरीनंतर दारातली गाळणी हाताने साफ करायची. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी आणि गरज पडली तर मधेही, प्लग काढून पाईप सोडवायचा आणि लांब दांड्याच्या ब्रशने आतून घासायचा. यंत्राची पाठ, खालची धूळ, तीही पुसायची. आणि एका वहीत वेळ लिहायची. तेवढेच कपडे, पण वेळ वाढला, तर दोष पावसाला देऊ नका, पाईप पाहा. आमच्याकडे कपडे आता सव्वा तासात वाळतात. ती वही बायको ठेवते, आणि मला वाटतं माझ्या कवितांच्या वह्यांपेक्षा घरात तिला जास्त मान आहे.

शेवटी एक. यंत्र नसलेल्यांनी हळहळू नये. कपडे दुसऱ्यांदा नुसते पिळून घ्या. वॉशिंग मशीनने पिळून पाणी काढायला जी वीज लागते ती तापवून काढायच्या मानाने फारच थोडी. छताला काठ्या बांधा, कपड्यांत हात जाईल एवढं अंतर ठेवा, पंखा लावा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा. आमच्या लहानपणी अम्मी हेच करायची. नियमही तोच होता. ओलाव्याला बाहेर जायला वाट असली पाहिजे.

अम्मीची भिंत खरवडून, वाळवून, पुन्हा रंगवली. डाग परत आलेला नाही. खोकला वयाचा आहे, तो पुरता गेला नाही, पण पावसाळी रात्री ती आता सलग झोपते. तुमच्या घरी ड्रायर असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि एकदा त्याच्या मागे डोकावून पाहा. पाईप कुठे जातो, किती लांब जातो, किती वेळा वळतो. पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही ते एक वर्ष उशिरा केलं.